‘फॉरमॅट मारा’ म्हणणाऱ्यांशी भांडण



काही वाक्यं कानावर पडली की माझ्यातला निवृत्त मास्तर खडबडून जागा होतो. सध्या असं वाक्य म्हणजे ‘फॉरमॅट मारा’. कॉम्प्युटर हळू चालतोय? फॉरमॅट मारा. गेम अडकतोय? फॉरमॅट मारा. तेवढ्यानं भागलं नाही की या वाक्याची सख्खी भावंडं पुढे येतात. ‘कार्ड गेलं असणार.’ ‘मशीन जुनं झालं.’ ‘आता नवीनच घ्या, सर.’

या सगळ्या वाक्यांत एक गोष्ट सारखी आहे. ती म्हणण्यासाठी कॉम्प्युटर उघडून बघावा लागत नाही, चालू करूनसुद्धा बघावा लागत नाही. फोनवरून म्हणता येतात, लग्नाच्या पंगतीत म्हणता येतात, रंकाळ्यावर फिरताना म्हणता येतात. आणि म्हणणारा माणूस जाणकार ठरतो! रोग्याची नाडी न बघता औषध सांगणाऱ्याला आपण भोंदू म्हणतो. मग इथंच का त्याला ‘कॉम्प्युटरवाला’ म्हणून मान द्यायचा?

आज मला या वाक्यांशी भांडायचं आहे. आता तुम्ही म्हणाल, मराठी आणि इतिहास शिकवलेल्या या म्हाताऱ्याला गेममधलं काय कळतं? खरं आहे, गेममधलं मला ओ की ठो कळत नाही. पण चौतीस वर्षं वर्गात वाक्यपृथक्करण शिकवलं. कर्ता कुठला, कर्म कुठलं, क्रियापद कुठलं, हे एकेक सुटं करून बघितल्याशिवाय वाक्याचा अर्थ लावू नये हे पोरांना घोकून घोकून सांगितलं. बिघडलेलं यंत्र हेही एक न कळलेलं वाक्यच आहे. ते न वाचताच पान फाडायला निघालेल्या लोकांचा मला राग येतो.

निमित्त घरचंच आहे, ते सांगतो.

आमचा धाकटा नातू (ब्लॉगवर त्याचं नाव बंड्या, माहीत आहेच तुम्हाला) पॉलिटेक्निकला दुसऱ्या वर्षाला आहे. त्याचा कॉम्प्युटर २०२० साली लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन तासांसाठी घेतलेला. पुढं त्यानं स्वतःचे पैसे साठवून त्यात सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड बसवलं. संध्याकाळी तासभर गेम, आणि बाकी वेळ ड्रॉइंगची कामं. दिवाळीनंतर एके दिवशी त्याचा गेम अडखळायला लागला. गाडी पळवायचा गेम आहे, ती गाडी म्हणे उड्या मारत चालायला लागली. दोन दिवसांनी कळलं की ड्रॉइंगचं सॉफ्टवेअरही तसंच अडतंय. म्हणजे आता नुसता खेळाचा प्रश्न उरला नव्हता.

चिरंजीवांनी ओळखीच्या एका दुकानातला माणूस बोलावला. भला माणूस होता, चहासुद्धा नको म्हणाला. दहा मिनिटं बसला, गेम लावून बघितला आणि म्हणाला, ‘‘सर, ग्राफिक्स कार्ड गेलंय. सेकंडहँड होतं न्हवं? आणि नवं कार्ड ह्या बोर्डवर बसवून उपयोग न्हाई. सगळाच सेट बदला.’’ अंदाजपत्रक आलं ४८ हजारांचं. जुनं मशीन तीन हजारांत घेतो म्हणाला. आमचे चिरंजीव एका पतसंस्थेत नोकरीला आहेत. त्यांच्याकडं ४८ हजार होते, नाही असं नाही. पण ते बंड्याच्या पुढच्या वर्षाच्या फीसाठी बाजूला काढलेले होते.

मग घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस. (तुम्हीच ते, हा ब्लॉग वाचणारे! :-) ) पुण्याच्या पुतण्यानं लिहिलं, ‘फॉरमॅट मार.’ सांगलीच्या मेहुण्यांचं निदान, ‘व्हायरस.’ मोठ्या वहिनींनी लिहिलं, ‘गेम बंद पडला ते बरंच झालं, आता अभ्यास करेल.’ एकूण अकरा सल्ले आले, मी मोजले. त्या अकरांत ‘कधीपासून होतंय हे?’ असा एकही प्रश्न नव्हता.

माझ्या भांडणाचं मूळ इथं आहे. सल्ला अकरा जणांनी दिला, विचारलं कुणीच नाही.

मी बंड्याला एक शंभर पानी वही दिली. म्हटलं, मला तुझ्या यंत्रातलं काही कळत नाही, मी फक्त प्रश्न विचारणार. उत्तरं तू शोधायची आणि लिहून काढायची. तोंडी उत्तराला मार्क नाहीत.

पहिला प्रश्न, कधीपासून? उत्तर, वसुबारसेपर्यंत ठीक होतं. भाऊबीजेनंतर बिघडलं.

दुसरा, त्या दिवसांत काय काय बदललं? त्यानं डोकं खाजवून तीन गोष्टी लिहिल्या. विंडोजचं अपडेट आलं. गेमची नवी आवृत्ती आली. आणि दिवाळीच्या साफसफाईत कॉम्प्युटर माडीवरून खालच्या खोलीत आणला.

तिसरा, एकाच गेमला त्रास आहे की सगळ्यांना? तीन गेम आणि ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर, चारी ठिकाणी तेच. म्हणजे एका गेमच्या नव्या आवृत्तीचा दोष नाही. यादीतलं एक नाव कमी झालं.

चौथा, त्रास सुरू केल्या केल्या होतो की काही वेळानं? या प्रश्नावर बंड्या थांबला. ‘‘आबा, पहिली सहा-सात मिनिटं झकास चालतंय. मग बसतंय.’’ अर्धा तास बंद ठेवून परत लावलं तर? परत पहिली सहा-सात मिनिटं झकास. आता सांगा, अपडेटनं बिघडलेलं मशीन अर्ध्या तासाच्या विश्रांतीनं बरं होईल का? व्हायरस काय दुपारची वामकुक्षी घेतो? काही मिनिटांनी येतो आणि विश्रांतीनं जातो असा आजार म्हटल्यावर संशय कशाचा घ्यायचा, तर उष्णतेचा. हे कळायला इंजिनियर व्हावं लागत नाही. घाटात गाडी चढवणारा कुठलाही ड्रायव्हर सांगेल.

पाचवा प्रश्न आकड्यांचा. इथं जरा थांबून गेमचा ‘वेग’ म्हणजे काय ते सांगतो, कारण ते मलाही त्याच वेळी समजलं आणि मोठी मौज वाटली. पडद्यावर दिसणारा गेम म्हणजे एकामागून एक काढलेली चित्रं, सिनेमासारखीच. फरक एवढाच की सिनेमाची चित्रं आधी काढून ठेवलेली असतात आणि गेमची त्या क्षणी काढावी लागतात, कारण तुम्ही डावीकडं वळणार की उजवीकडं हे आधी कुणाला ठाऊक? सेकंदाला ६० चित्रं काढायची तर एका चित्राला साधारण १७ मिलिसेकंद मिळतात. त्यात प्रोसेसरनं हिशेब करायचा, कुठली वस्तू कुठं आहे, कोण कुणाला धडकलं. मग ग्राफिक्स कार्डानं ते रंगवायचं. दोघांपैकी एक जरी मागं पडला तरी चित्राला उशीर होतो आणि गाडी उड्या मारते. म्हणून ‘गेम अडकतो म्हणजे ग्राफिक्स कार्ड गेलं’ हे वाक्य अर्धवट आहे. दोघं जोडीनं काम करतात, तर कोण मागं पडतोय ते बघायला नको?

बंड्यानं तापमान आणि वेग दाखवणारं एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घेतलं आणि दर मिनिटाला वहीत आकडे लिहिले. पहिल्या मिनिटाला प्रोसेसर ६८ अंश, त्याचा वेग जवळजवळ ४ गिगाहर्ट्‌झ, चित्रं सेकंदाला ६०. आठव्या मिनिटाला प्रोसेसर ९९ अंश, वेग १.८, चित्रं २३. आणि ज्याला ‘गेलेलं’ ठरवलं होतं ते ग्राफिक्स कार्ड? ते सगळा वेळ ६६ अंशावर शांत बसलं होतं, अर्धंअधिक रिकामं. बिचाऱ्याला कामच पोचत नव्हतं.

आजचे प्रोसेसर शंभर अंशाच्या आसपास पोचले की स्वतःच स्वतःचा वेग कमी करतात, म्हणजे जळून जात नाहीत. कुकरची जास्तीची वाफ व्हॉल्व्हनं सोडावी तशी ही सोय आहे. हा बिघाड नाही, बिघाड टाळण्याची युक्ती आहे. पण घरातल्या माणसाला बाहेरून काय दिसतं? मशीन म्हातारं झालं.

तरी मी म्हटलं, संशय म्हणजे पुरावा नव्हे. एक परीक्षा घे. त्यानं कॅबिनेटची बाजूची झाकणी काढली, समोर टेबलफॅन लावला, बाकी काहीही बदललं नाही. आठव्या मिनिटाला ९३ अंश, चित्रं ३५. पूर्ण बरं झालं नाही, पण सुधारलं. गुन्हेगार उष्णताच.

मग वायर काढून, मशीन थंड झाल्यावर उघडलं. प्रोसेसरच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा एक ठोकळा असतो, त्यावर पंखा. पात्यांमध्ये धुळीचा घोंगडीसारखा थर बसलेला. पण धूळ काय एका दिवाळीत साठत नाही, मग बिघाड एकाएकी कसा? म्हणून मी म्हटलं, अजून बघ. तर तो ठोकळा बोर्डावर चार प्लास्टिकच्या पिनांनी दाबून बसवलेला असतो, त्यातली एक पीन वर उचकटलेली! माडीवरून खाली आणताना कुठंतरी हिसका बसला असणार. ठोकळा एका बाजूनं उचलला गेला, प्रोसेसरला नीट टेकेना, आणि उष्णता जायची वाटच बंद झाली. वहीतल्या दुसऱ्या प्रश्नाचं तिसरं उत्तर बघा आता. ‘कॉम्प्युटर माडीवरून खाली आणला.’ सगळं तिथंच लिहिलेलं होतं.

ब्रशनं धूळ काढली. प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामध्ये लावायचा एक मलम मिळतो, थर्मल पेस्ट, तो अडीचशे रुपयांचा आणला. जुना पुसून नवा वाटाण्याएवढा लावला. चारी पिना समोरासमोरच्या जोडीनं ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबल्या. नंतर तासभर गेम चालवला. ७१ अंश, ६० चित्रं.

अडीचशे रुपये, मंडळी. आणि वहीची चार पानं.

आता ‘फॉरमॅट मारा’ हा सल्ला मानला असता तर काय झालं असतं ते बघा. बंड्याची दोन वर्षांची ड्रॉइंग्ज आणि घरचे फोटो पुसले गेले असते. (‘बॅकअप असतोच की’ म्हणणाऱ्यांनी आपल्या घरी खरंच आहे का ते आधी बघावं.) मग मशीन सुरू झालं असतं, पहिली सहा मिनिटं सुसाट पळालं असतं, आणि सगळ्यांनी म्हटलं असतं, ‘बघा, फॉरमॅटनं काम झालं!’ सातव्या मिनिटाला पीन होती तिथंच वर. चुकीचं औषधही सहा मिनिटं गुणकारी दिसतं, म्हणूनच हा मंत्र टिकून आहे.

आणि दुकानदाराचा सल्ला मानला असता तर एक धडधाकट प्रोसेसर, धडधाकट बोर्ड आणि धडधाकट ग्राफिक्स कार्ड तीन हजारांत घराबाहेर गेलं असतं. एका पोराची फी त्याच्याबरोबर.

पण मला दुकानदाराला खलनायक करायचं नाही. आपल्या वाचकांपैकी काही जण लगेच म्हणतील, ‘लुटारू आहेत सगळे.’ मला ते पटत नाही. तो माणूस आमच्याकडं आला, जायचा-यायचा पेट्रोलचा खर्च त्याचा, दहा मिनिटं त्याची, आणि आम्ही त्याला दिले किती? शून्य. तपासायचे पैसे मागितले असते तर तुम्ही-आम्हीच कपाळाला आठ्या घातल्या असत्या, ‘नुसतं बघायचे कसले पैसे?’ डॉक्टरला आपण तपासणीची फी देतो. वकिलाला सल्ल्याची देतो. पण यंत्र दुरुस्त करणाऱ्याला फक्त वस्तूचे पैसे देतो, डोक्याचे देत नाही. मग त्यानं काय करावं? जे विकल्यावर पोट भरतं तेच सुचवणार. तासभर बसून पीन शोधली असती तर त्याला मिळाले असते फार तर पन्नास रुपये आणि ‘एवढंच होतं होय!’ हा शेरा. निदानाला किंमत न देणाऱ्या गिऱ्हाइकाला निदान मिळत नाही, वस्तू मिळते. दोष निम्मा आपला आहे.

आणि हे कोल्हापुरात घडावं याचं जास्त वाईट वाटतं. अहो, हे गाव कुणाचं? बाबूराव पेंटर यांनी इथंच स्वदेशी बनावटीचा सिनेमाचा कॅमेरा तयार केला, १९१८ च्या सुमारास. त्यांचे बंधू आणि जोडीदार आनंदराव पेंटर १९१६ साली गेले, काम अर्धवट राहिलं होतं, ते दामल्यांसारख्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन बाबूरावांनी पुरं केलं. १९२० साली ‘सैरंध्री’ आला. परदेशी कॅमेरा महाग आहे म्हणून रडत बसले नाहीत, यंत्र कसं चालतं ते त्यांनी समजून घेतलं. आणि आपलं शिवाजी उद्यमनगर? माझ्या तरुणपणी तिथले मेस्त्री स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनला आणि दुसरं टोक कानाला लावून आतला आवाज ऐकायचे आणि सांगायचे, ‘बेअरिंग बोलायलंय.’ त्यातले कित्येक सातवीसुद्धा झालेले नव्हते. त्यांच्या नातवंडांच्या पिढीला आपण ‘नवीनच घ्या’ शिकवतोय. ‘जगात भारी’ म्हणून मिरवायचं आणि कॅबिनेटचा स्क्रू काढायला भ्यायचं!

बरं, ही निव्वळ दुकानाची गोष्ट नाही. मोठमोठ्या कंपन्यांच्या बाबतीतही मोजमाप करणाऱ्यांनीच सत्य बाहेर काढलेलं आहे. बंड्यानं मला तीन उदाहरणं शोधून दिली, ती इथं देतो.

डिसेंबर २०१७. जुने आयफोन हळू होतात अशी लोकांची तक्रार. ‘जुनं झालं की हळू होणारच’ असं सगळे म्हणत होते. एकानं बॅटरी बदलली आणि फोन पुन्हा पळायला लागला. मग जॉन पूल नावाच्या गृहस्थानं हजारो फोनांचे वेगाचे आकडे मांडून दाखवले की हे आपोआप होत नाहीये. शेवटी ॲपलनं मान्य केलं की बॅटरी थकलेल्या फोनांचा वेग सॉफ्टवेअरमधून कमी केला जात होता, फोन अचानक बंद पडू नये म्हणून. माफी मागितली, बॅटरी बदलण्याचा दर अमेरिकेत ७९ डॉलरवरून २९ वर आणला. २०२० साली अमेरिकेतला दावा मिटवताना ५० कोटी डॉलरपर्यंत भरपाई कबूल केली. तोवर किती लोकांनी नुसत्या थकलेल्या बॅटरीपायी नवा फोन घेतला असेल?

ऑक्टोबर २०२१. विंडोज ११ नुकतं आलं होतं, आणि एएमडीच्या प्रोसेसरवर काही गेम १० ते १५ टक्क्यांपर्यंत हळू चालू लागले. एएमडीनं आणि मायक्रोसॉफ्टनं ते मान्य केलं आणि त्याच महिन्यात दुरुस्ती दिली. त्या दोन-तीन आठवड्यांत ज्यानं ‘प्रोसेसर गेला’ म्हणून नवा घेतला असेल त्याचे पैसे पाण्यात.

ऑक्टोबर २०२५. विंडोज ११ च्या अपडेटनंतर काही गेमचा वेग घटला, आणि नोव्हेंबरमध्ये एनव्हिडियानं त्यासाठी तातडीचा ड्रायव्हर काढला.

म्हणजे बघा, दर वेळी धूळच असते असं माझं म्हणणं नाही. कधी अपडेट असतं, कधी ड्रायव्हर, कधी बॅटरी, कधी पीन. म्हणूनच तर विचारायचं! उत्तर आधीच ठरलेलं असतं तर प्रश्नाची गरजच नव्हती.

आणि आता तर ‘जुनं झालं’ हे वाक्य वरूनच येतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. सुरक्षेच्या अपडेट्‌ससाठी घरगुती वापरणाऱ्यांना एका वर्षाची वाढीव सोय ठेवली, तेवढंच. विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी आहे. त्यात नाव नसेल तर तुमचं मशीन कितीही ठणठणीत असो, अधिकृतपणे बाद. दुकानात जाऊन बघा, ‘विंडोज १० बंद झालं’ आणि ‘कॉम्प्युटर खराब झाला’ ही दोन वाक्यं एकाच श्वासात म्हणतात. ती दोन निराळी वाक्यं आहेत, त्यांचे कर्ते निराळे आहेत. दहावीच्या पोराला कळेल. आपल्या सरकारनंही २४ डिसेंबर २०२२ ला ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयाचं पोर्टल सुरू केलं आहे. चांगलं आहे. पण हक्क वापरायला आधी दुरुस्तीची इच्छा लागते.

आता आमच्या मोठ्या वहिनींच्या मुद्द्याकडं येतो. (वहिनी, रागावू नका, तुमच्या हातची पुरणपोळी मला अजून खायची आहे.) ‘गेम बंद पडला ते बरं झालं.’ हे वाक्य मला ‘फॉरमॅट मारा’पेक्षा घातक वाटतं. त्यानं काय होतं? पोराला त्रास होतोय तो कुणी मनावरच घेत नाही. गेम म्हणजे टाइमपास, म्हणून त्याचा बिघाडही टाइमपास. अहो, पण गेम ही कॉम्प्युटरची वार्षिक परीक्षा असते. पत्र टाइप करायला, ईमेल बघायला यंत्राला काहीच कष्ट पडत नाहीत. गेम त्याला घाम फोडतो, म्हणून दुखणं तिथं आधी दिसतं. बंड्या गेम खेळत नसता तर ते ९९ अंशांवर तसंच शिजत राहिलं असतं, आणि कधीतरी ड्रॉइंग सबमिट करायच्या आदल्या रात्री अडलं असतं.

दुसरं असं की, या चार दिवसांत बंड्या जे शिकला ते कुठल्या तासाला शिकवतात? शाळेत कॉम्प्युटरचा विषय आहे. ‘सीपीयूला संगणकाचा मेंदू म्हणतात’ हे घरातल्या सगळ्या पोरांना पाठ आहे. तो मेंदू तापतो, तापल्यावर मंद होतो आणि त्याला गार ठेवावं लागतं, हे एकालाही सांगता आलं नाही. घराघरात एमएस-सीआयटीची प्रमाणपत्रं आहेत, आमच्याकडं तीन आहेत, फाइलमध्ये जपून ठेवलेली. तरी कॅबिनेटची झाकणी कुणी उघडली नव्हती. आमच्या काळी व्याकरण पाठ असून पत्र लिहिता न येणारी मुलं असायची, तसंच हे. मी मास्तर होतो म्हणून सांगतो, गेमच्या मागं लागून का होईना, पोरगं पुराव्यानं विचार करायला शिकत असेल तर त्याला हातातलं काम सोडून उठवू नका. खेळायची वेळ ठरवा, जरूर ठरवा, आमच्याकडंही तासभरच आहे. पण बिघाडाचा आनंद मानू नका.

‘एवढा वेळ कुणाला आहे?’ हा पुढचा आक्षेप. आम्हाला लागले चार संध्याकाळचे मिळून साधारण सहा तास. ४८ हजार कमवायला चिरंजीवांना किती तास लागतात त्याचा हिशेब तुम्हीच करा.

‘शॉक बसला तर?’ रास्त भीती आहे. वायर काढल्याशिवाय उघडायचं नाही, आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या धातूला हात लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. आणि वीज पुरवणारा जो पेटीसारखा भाग असतो, ज्याला पॉवर सप्लाय म्हणतात, तो कधीही उघडायचा नाही. वायर काढल्यावरही त्यात वीज साठून राहते. तेवढं पथ्य पाळलं की बाकीचं काम रेडिओचे सेल बदलण्याहून थोडंच अवघड.

‘आणि खरंच कार्ड गेलेलं असेल तर?’ तर घ्या की नवीन! मी काही जुन्याचा भक्त नाही, माझा स्वतःचा मोबाइल गेल्या वर्षीचाच आहे. गेलेलं आहे हे कळल्यावर घ्या, एवढंच म्हणतो. ‘असणार’ या शब्दावर ४८ हजार देऊ नका. व्याकरणात आपण त्याला भविष्यकाळ म्हणतो, निदानात त्याला अंदाज म्हणतात.

तर उद्या तुमच्या घरी गेम एकाएकी अडखळायला लागला, तर फोन लावण्याआधी वही घ्या. कधीपासून? त्या सुमारास काय बदललं? एकाच गेमला की सगळ्यांना? सुरुवातीपासून की काही वेळानं? प्रोसेसर किती तापतोय, कार्ड किती तापतंय? लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला आहे ना? वीज वाचवायचा पर्याय चालू राहिलाय का? डिस्क गच्च भरलीय का? आपण गेम खेळतोय तेव्हा दुसरं कुठलं सॉफ्टवेअर मागं राबतंय, ते टास्क मॅनेजरमध्ये दिसतं. आणि साफसफाईनंतर पडद्याची वायर ग्राफिक्स कार्डाऐवजी चुकून बोर्डाच्या भोकात तर नाही ना घातली? तसं झालं तर चांगलं कार्ड आत बसून राहतं आणि पडदा कमजोर अंगभूत ग्राफिक्सवर चालतो. यातल्या एकाही तपासणीला पैसा लागत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि आकडे लिहा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर बरं झालं तरी कशानं झालं ते कळत नाही.

एवढं करूनही उमगलं नाही तर दुकानात जा, आणि गेल्या गेल्या सांगा, ‘तपासायचे तीनशे रुपये देतो, वही सोबत आणलीय, नीट बघून सांगा.’ माझा अनुभव सांगतो. मी मुद्दाम त्याच दुकानात गेलो, वही दाखवली आणि तीनशे रुपये पुढं केले. तो माणूस पैसे घेईना. वही मात्र त्यानं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाला, ‘‘सर, असं लिहून आणणारं गिऱ्हाईक एक न्हाई बघा.’’ पैसे मी जबरदस्तीनं ठेवून आलो. निदानाची फी उधार ठेवायची नसते.

असो. फार लांबलं. ज्यांना पटलं नाही त्यांनी खाली खुशाल भांडावं, पुतण्यानं तर भांडावंच. फक्त एक अट आहे. ‘फॉरमॅट मारा’ लिहिण्याआधी समोरच्याला एक प्रश्न विचारायचा, ‘कधीपासून?’